जागल्याची झोप कोण मोजणार?

आंबेडकरी चळवळीत 'झोप' हा शब्द आपण जवळजवळ शिवीसारखा वापरत आलो. समाज झोपला आहे, तरुण झोपले आहेत, अरे आता तरी जागे व्हा! सभेत, जलशात, जयंतीच्या व्यासपीठावर हे वाक्य ऐकले नाही असा कार्यकर्ता सापडणार नाही. ते खरेही होते. ती झोप अज्ञानाची होती, गुलामीची होती आणि ती मोडणे भाग होते. पण आज मला दुसऱ्या झोपेविषयी लिहायचे आहे. दिवसभर राबलेले अंग रात्री टेकते, त्या साध्या, अंथरुणावरच्या झोपेविषयी. कारण या झोपेवरून माणसाचे डोके उद्या किती चालेल हे आधीच सांगणारी यंत्रे जगात तयार झाली आहेत. घड्याळासारखी मनगटावर बांधायची, बाजारात कुणालाही विकत मिणारी अशी त्यांची स्वस्त भावंडेही आली आहेत. ही यंत्रे आज ना उद्या आपल्या पोरांच्या मनगटावर येतील. तेव्हा ती काय सांगतील आणि त्यावरून कोण कसला अर्थ काढील, याचा विचार आपण आजच केला पाहिजे.

विचाराची सुरुवात प्रयोगशाळेतून नको, केळापूर तालुक्यातून करू. यवतमाळ जिल्ह्यातला हा तालुका. तहसील पांढरकवड्याला. नागपूर-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. कापूस आणि तुरीचा मुलूख. कोलाम, गोंड, बौद्ध आणि इतर बहुजनांच्या वस्त्या. बाजूला टिपेश्वरचे अभयारण्य. या भागातल्या शेतकऱ्याला रात्र दोन कारणांनी जागून काढावी लागते. एक कारण वीज. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे वेळापत्रक महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे भोगले. लाईन मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठायचे, थंडीत वावरात जायचे, मोटार सुरू करायची, बारे धरायचे आणि डीपी उडाली तर अंधारात वाट पाहत बसायचे. दुसरे कारण रानडुक्कर आणि रोही. पीक हाताशी आले की जागल आलीच. मचाणावर बसायचे, डबा वाजवायचा, हाकारे द्यायचे. साप, विंचू, विजेचा झटका ही भीती वेगळी. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली 'अवनी' ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून ठार करण्यात आली. त्यापूर्वीची दोन वर्षे रात्री वावरात पाय टाकायचा म्हणजे काय, हे या भागातल्या घराघराला कळले आहे.

आता या घरातला दहावीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला शोधायला फार फिरावे लागत नाही. बाप एकटा रात्री जाऊ शकत नाही म्हणून हा बॅटरी धरून सोबत जातो. पहाटे परततो, दोन-तीन तास पडतो आणि शाळेत पोचतो. गणिताच्या तासाला त्याचे डोळे मिटतात. मास्तर खडू फेकून मारतात आणि वर्गाला ऐकू जाईल असे म्हणतात, 'याच्या डोक्यात काही शिरत नाही, जातीवर गेलाय!' वर्ग हसतो. घरी त्याची बहीण पहाटे चारला उठून आईसोबत चूल पेटवते, पाणी भरते, वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून कापूस वेचायला जाते. ती वर्गात पेंगली तर खडूसुद्धा तिच्या वाट्याला येत नाही, कारण तिच्याकडून कुणाची अपेक्षाच नसते. या दोघांची बुद्धी कमी आहे की झोप कमी आहे? शाळेच्या दाखल्यावर फक्त टक्के छापले जातात. त्या टक्क्यांमागे किती रात्री जळाल्या याचा रकाना कोणत्याही दाखल्यावर नाही.

विज्ञानाने मात्र हा रकाना भरायला घेतला आहे. झोपेचा आणि बुद्धीचा हिशेब मांडण्याचे काम गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत फार पुढे गेले. झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक साधा विचार मांडला. माणसाच्या झोपेवर दोन शक्ती राज्य करतात. एक, जागरणाचे साचत जाणारे ओझे. जितका वेळ जागे राहू तितके ते वाढते आणि झोपल्यावरच उतरते. दुसरी, शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ. ते पहाटेच्या सुमारास मेंदूला सर्वात खाली नेते, मग माणूस कितीही हुशार असो. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी दहा मिनिटांची एक चाचणी दिली. खूण दिसली की कळ दाबायची, एवढेच. कळ दाबायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की ती एक चूक. या चाचणीला शिक्षण लागत नाही, इंग्रजी लागत नाही, 'संस्कार' लागत नाहीत. अपुऱ्या झोपेच्या माणसाची कळ चुकते. तो प्राध्यापक असो वा शेतमजूर.

मग या दोन्ही गोष्टी यंत्रात एकत्र आल्या. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेतल्या थॉमस बाल्किन, ग्रेगरी बेलेन्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ आणि २००३ मध्ये यासाठी पेटंटे मिळाली. माणसाच्या बौद्धिक कार्यक्षमतेचे पूर्वानुमान करणारी पद्धत, असा त्यांचा विषय. मनगटावरच्या यंत्रात हालचाल टिपणारा छोटा संवेदक असतो. हात किती हलला याची नोंद मिनिटामिनिटाला होते. हालचाल थांबली म्हणजे झोप, सुरू झाली म्हणजे जाग, असे गणित करून त्यातून झोपेचा आलेख निघतो. त्या आलेखात दिवसाची वेळ मिळवली की यंत्र आकडा देते: या माणसाची बौद्धिक क्षमता या क्षणी इतके टक्के, उद्या दुपारी इतके टक्के. स्टीव्हन हर्श यांच्या गणिती पद्धतीत तर झोप म्हणजे चक्क एक हौद आहे. झोपलो की भरतो, जागलो की उपसला जातो. ओलीत करणाऱ्या माणसाला ही उपमा समजावून सांगायची गरज नाही. रोज जेवढे पाणी येते त्यापेक्षा जास्त उपसले तर विहीर कोरडी पडणार, हे त्याला कोणत्याही पेटंटाशिवाय ठाऊक आहे.

या शोधांची मुळे लष्करात आहेत हे विसरू नका. सैनिकाला किती जागवले तर तो गोळी चुकवील, हा सेनापतीचा प्रश्न होता. पुढे तो वैमानिकांचा, रेल्वेचालकांचा, ट्रकचालकांचा झाला. थोडक्यात, ज्यांच्या एका डुलकीने मालकाचे किंवा सरकारचे मोठे नुकसान होते त्यांची झोप आधी मोजली गेली. आपल्याकडेही तेच घडले. विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा नियम ३६ तासांवरून ४८ तासांवर नेला. त्याआधी २०२३ मध्ये देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीने वैमानिकांच्या मनगटावर थकवा मोजणारे यंत्र बांधून पाहण्याची घोषणा केली होती. चांगलीच गोष्ट आहे. विमानात शेकडो जीव असतात. पण रात्री डीपीला हात घालणाऱ्या शेतकऱ्याचा एक जीव असतो, आणि त्याच्या विश्रांतीचा नियम कोणत्याही कार्यालयाच्या फायलीत नाही.

या संशोधनातून जे हाती लागले ते आपल्या प्रत्येक पालकाने ऐकावे असे आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ४८ निरोगी माणसांना वेगवेगळ्या गटांत ठेवले. ज्यांना चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले त्यांची अवस्था शेवटी दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाएवढी बिघडली. आणि खरा धोका पुढे आहे. त्यांना स्वतःला ते कळले नाही! आपल्याला सवय झाली, आपण ठीक आहोत, असे ते समजत राहिले आणि कळ मात्र रोज जास्त चुकत गेली. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी दाखवले की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हातपाय-मेंदू रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात ०.०३ टक्क्यांच्या वर गाडी चालवणे गुन्हा आहे. म्हणजे रात्रभर ओलीत करून वर्गात आलेले पोर कायद्याच्या भाषेत 'पिऊन' बसलेले असते, आणि आपण त्याची परीक्षा घेतो.

अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर थेट परीक्षेचाच होता. रसायनशास्त्राच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर पट्टा बांधला. विद्यार्थी किती झोपतात, किती शांत झोपतात आणि रोज ठरल्या वेळी झोपतात का, यांवरून त्यांच्या गुणांमधल्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा उलगडला. परीक्षेच्या आदल्या एका रात्रीच्या झोपेचा मात्र गुणांशी संबंध सापडला नाही. संबंध होता तो आधीच्या महिन्याभराच्या झोपेशी. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला लवकर झोपवून आईबापाने समाधान मानण्यात अर्थ नाही. हौद महिनाभर भरावा लागतो.

पण वाचकहो, एमआयटीतला विद्यार्थी वसतिगृहातल्या गादीवर झोपतो. आपली माणसे कशी झोपतात याचेही मोजमाप झाले आहे, आणि ते आपल्याच देशात. चेन्नई शहरात गरीब वस्त्यांतल्या ४५२ कामगारांच्या मनगटावर असेच यंत्र बांधून काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तास! उकाडा, डास, गोंगाट, दाटीवाटी यांनी उरलेली झोप खाल्ली. संशोधकांनी त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, पंखे, गाद्या दिल्या, झोपेचे महत्त्व समजावले. झोप रोज सुमारे २७ मिनिटांनी वाढली. पण कामात काही फरक पडला नाही. याउलट कामाच्या ठिकाणी दुपारी शांत जागा देऊन अर्धा तास पडू दिले तेव्हा लक्ष वाढले, काम सुधारले, मनही बरे राहिले. याचा अर्थ काय? गरिबाला 'लवकर निजे, लवकर उठे' असा उपदेश देऊन भागत नाही. त्याची रात्रच चिंध्या झालेली असते. त्याला उपदेश नको, जागा हवी, शांतता हवी, हवा हवी. झोप ही घराच्या भिंतींवर अवलंबून असते आणि भिंती जातीवर अवलंबून असतात, हे आपल्याला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने शिकवायला नको.

इथेच या यंत्रांचा धोका सुरू होतो. यंत्र हातावरची हालचाल मोजते. उकाड्यात डोळे टक्क उघडे ठेवून निपचित पडलेल्या पोराला ते झोपलेला समजते. मचाणावर न हलता कान टवकारून बसलेल्या बापालाही झोपलेला समजू शकते. त्याचे गणित ज्या माणसांवर बसवले ती माणसे केळापूरची नाहीत. आणि शरीराचे मोजमाप करणारी यंत्रे सगळ्या कातडीला सारखा न्याय देतात असेही नाही. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र करोनाच्या काळात घराघरात आले. ते काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा धोका ओळखायला चुकते, असे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवून दिले. शिवाय ही गणिते समूहाची सरासरी जितकी बरोबर सांगतात तितके एकेका माणसाचे भविष्य सांगू शकत नाहीत. जागरण कुणाला लवकर पाडते, कुणाला उशिरा. पण आकडा एकदा पडद्यावर आला की या सगळ्या शंका पुसल्या जातात. 'यंत्राने सांगितले' म्हटले की 'शास्त्रात सांगितले' इतकेच वजन त्याला येते. उद्या नोकरीच्या मुलाखतीआधी, विम्याच्या हप्त्यासाठी, शिकवणी वर्गाच्या 'हुशार तुकडी'साठी हा आकडा मागितला गेला तर? या मुलाची क्षमता ५५ टक्के, असे छापील उत्तर आले तर? मास्तर जे खडू फेकून म्हणत होते तेच मग यंत्र म्हणेल, आणि यंत्राला उलट बोलायची सोय नसते.

मोजमापाच्या नावाने आपल्याला हीन ठरवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हे. इंग्रजांच्या काळात हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने लोकांची नाके मोजली आणि नाकाच्या मापावरून जातीची उच्चनीचता वंशाने ठरल्याचा सिद्धांत मांडला. तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? मोजपट्टी फेकून द्या, असे ते म्हणाले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांचेच आकडे हातात घेतले, ते शेजारी शेजारी मांडले आणि या आकड्यांवरूनच दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. शत्रूच्या मोजपट्टीने शत्रूचा सिद्धांत मोडला! आपल्याला हाच धडा गिरवायचा आहे. झोप मोजणारे यंत्र आपल्या मुलाविरुद्ध साक्ष देऊ शकते, तसेच ते आपल्या मुलाच्या बाजूनेही साक्ष देऊ शकते. केळापूरच्या शंभर मुलांच्या मनगटावर ते बांधा आणि रात्रीच्या विजेचे वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवा. ज्या रात्री लाईन त्या रात्रीनंतर कळ किती चुकते, ते मोजा. मग आकडा मुलाच्या नावाने लिहायचा की व्यवस्थेच्या नावाने, हे आपोआप ठरेल.

कारण आपल्या देशात झोपेची वाटणी कधीच समान नव्हती. गावगाड्यात 'जागल्या' नावाचा माणूस होता, हे आजच्या पोरांना माहीत आहे का? गाव झोपावे म्हणून एकाने जागे राहायचे आणि तो एक कोण हे जन्माने ठरायचे. वेशीवर रात्र काढणारा वेसकर म्हणजे महार. रात्री-अपरात्री हाक आली की उठून धावायचे, सरकारी टपाल, सरकारी पाहुणे, गावाची राखण. त्याला वेळेचे बंधन नव्हते आणि मोबदला म्हणून शिळे तुकडे नाही तर तुटपुंजे वतन. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या चोवीस तासांच्या बिनमोली चाकरीविरुद्ध. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. वतने गेली. पण गाव, शहर, कारखाना झोपावा म्हणून रात्र जागणाऱ्यांमध्ये, पहारेकऱ्यांमध्ये, रात्री रस्ते झाडणाऱ्यांमध्ये, रुग्णालयाच्या आयांमध्ये आजही आपलीच माणसे दिसतात. जागल्या गेला नाही, त्याला गणवेश मिळाला.

विश्रांती हा हक्क म्हणून मागण्याची परंपराही आपलीच आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या लढ्याने १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे तास कुणी भीक म्हणून दिले नाहीत. पुढे २०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. २०२४ मध्ये रात्रभर चौकशी करणाऱ्या तपास यंत्रणेला मुंबई उच्च न्यायालयाने झोपेच्या हक्काची आठवण करून दिली. म्हणजे संविधान आरोपीची झोपसुद्धा राखते. मग निरपराध शेतकऱ्याची का नाही?

आता थोडे आपल्या घरातले बोलू, आणि हे बोलणे काहींना रुचणार नाही. १४ एप्रिलच्या सुमारास आपल्याकडे विहारांत, वसतिगृहांत, महाविद्यालयांत 'सलग १८ तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला ते अभिवादन आहे आणि त्याविषयी मला आदरच आहे. वर्षातून एक दिवस पुस्तकाला वाहणारा समाज दुसरा दाखवा! पण या एका दिवसाचा आदर्श आपण वर्षभराचा करून ठेवला आहे. स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुले चार तास झोपतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. दोन-तीनदा अपयश आले की 'आपलेच डोके कमी' असे मनाला लावून घेतात. चौदा दिवसांच्या त्या प्रयोगातल्या माणसांसारखेच त्यांना कळत नाही की डोके कमी नाही, हौद कोरडा आहे.

बाबासाहेब पहाटे दोनला उठून अभ्यास करीत, हे आपण मुलांना सांगतो. परळच्या चाळीतली ती एक खोली, उशाशी जाते, पायाशी शेळी, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या गोष्टीचा अर्धा भाग आपण सोडून देतो. रामजीबाबा मुलाला संध्याकाळीच लवकर झोपवीत आणि स्वतः दोन वाजेपर्यंत जागत बसत. मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत. दोघांना एका वेळी झोपायला खोलीत जागाच नव्हती! म्हणजे त्या बापाने मुलाला आधी झोप दिली, मग पुस्तक दिले, आणि दोन्हींची किंमत स्वतःच्या झोपेतून मोजली. आपण रामजीबाबांची ही शिस्त घेतली पाहिजे. पुढे संविधानाचे काम चालू असतानाच मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी बाबासाहेबांची झोप उडवली. त्यांच्या शरीराने जी किंमत मोजली ती आपल्या पोरांनी पुन्हा मोजावी म्हणून त्यांनी ती मोजली नव्हती.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, शेतीपंपाला दिवसा वीज ही मागणी केवळ शेतीची समजू नका. सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा मंजूर केला. उद्देश दिवसा वीज देण्याचाच आहे. आपल्या गावच्या फिडरवर ती दिवसा येते का, किती तास येते, हे आपल्या शाखांनी विचारावे, लिहून ठेवावे, आणि येत नसेल तर ही शिक्षणाच्या हक्काची मागणी म्हणून रस्त्यावर आणावी. दुसरी गोष्ट, प्रत्येक विहारात, समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका हवी. पंखा, दिवा, पाणी आणि शांतता. तिला रात्री दहाला कुलूप लावण्याचा नियमही हवा. ज्याच्या घरी झोपायला जागा नाही त्याला तिथेच सतरंजी टाकता आली पाहिजे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे तपासायला जाणाऱ्यांनी धान्य पाहावे तसे अंथरूण, मच्छरदाणी आणि पंखाही पाहावा. तिसरी गोष्ट, आपल्यात आता शिक्षकांची संख्या मोठी आहे. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'बाळ, रात्री किती झोपलास?' या प्रश्नाला पेटंट लागत नाही. चौथी गोष्ट, मुलांच्या शरीराची माहिती कुणी मागितली तर कशासाठी, कुणाकडे जाणार, किती दिवस राहणार, हे विचारल्याशिवाय सही करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, पण सूट देण्याचे दारही त्याच कायद्यात आहे. त्या दारावर आपली नजर हवी. आणि पाचवी गोष्ट, आपली जी मुले-मुली विज्ञान शिकत आहेत, संगणक शिकत आहेत, त्यांनी हे यंत्र स्वतः हाताळावे. आपल्या वस्तीची, आपल्या वावराची झोप आपणच मोजावी. आकडे ज्याच्या हातात, न्याय त्याच्या बाजूने झुकतो.

वॉल्टर रीडच्या यंत्राला इतकेच ठाऊक आहे की जागलेला माणूस चुकतो. का जागला, कुणासाठी जागला, हे त्याला विचारता येत नाही. ते विचारण्याचे काम चळवळीचे आहे. केळापूरच्या कुठल्याशा वावरात आजही रात्री कुणी लाईनची वाट पाहत धुऱ्यावर बसला असेल आणि शेजारी त्याचे पोर बॅटरीच्या उजेडात पुस्तक उघडून डोळे चोळत असेल. त्या पोराला 'जागा हो' असे सांगायची गरज नाही. त्याला निवांत झोपता येईल अशी रात्र मिळवून देणे, हे आता आपल्या जागेपणाचे काम आहे.

जयभीम!